गादीचा दत्तक आणि देवीची जोगतीण

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात एक जुना प्रश्न नव्याने विचारला गेला आणि विचारणाऱ्याच्या अंगाशी आला. काँग्रेसचे उमेदवार होते शाहू छत्रपती, समोर शिवसेनेचे तेव्हाचे खासदार संजय मंडलिक. प्रचारात मंडलिकांनी मुद्दा काढला की आताचे महाराज दत्तक आलेले आहेत, मग त्यांना खरे वारसदार कसं म्हणायचं? त्यावर जिल्ह्यात जो गदारोळ व्हायचा तो झाला. शाहू छत्रपती दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. एका वाक्यावर निवडणूक फिरत नसते, निकालाला इतरही कारणं होती. पण मला निकालापेक्षा त्या दिवसांत चौकाचौकात दिलं जाणारं उत्तर महत्त्वाचं वाटतं. मग राजर्षी शाहू कोण होते? तेही दत्तकच की!

कोल्हापूरची गादी रक्तापेक्षा दत्तकावरच जास्त चालली आहे. १८६६ मध्ये पाटणकर घराण्यातला मुलगा राजाराम म्हणून गादीवर आला. विलायतेहून परतताना १८७० मध्ये इटलीत, फ्लॉरेन्सला तो वारला. १८७१ मध्ये सावरवाडीच्या भोसल्यांचा नारायणराव दत्तक आला आणि शिवाजी झाला. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात त्याचा दुर्दैवी अंत झाला. १७ मार्च १८८४ रोजी त्याच्या विधवा राणी आनंदीबाईंनी कागलकर घाटग्यांच्या नऊ वर्षांच्या यशवंतरावाला मांडीवर घेतलं. ते राजर्षी शाहू. अठरा वर्षांत तीन दत्तक. पुढे १९४७ मध्ये तर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज स्वतःची गादी मुलाकडे सोपवून कोल्हापूरला दत्तक आले आणि शहाजी झाले. आजचे शाहू छत्रपती दत्तक आले १९६२ मध्ये, आणि त्या दत्तकाविरुद्ध तेव्हा कोल्हापुरात मोठं आंदोलन पेटलं होतं. म्हणजे ज्या गावाने १९६२ मध्ये दत्तकाला विरोध केला, त्याच गावाला २०२४ मध्ये दत्तकाचा नुसता उल्लेखही अपमान वाटला. नातं मुरायला साठ वर्षं लागली, पण मुरलं.

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. हल्ली 'निवडलेलं कुटुंब' असा विषय निघाला, म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसताना माणसांनी एकमेकांना घरचं मानून संसार करण्याचा विषय, की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ही पाश्चात्त्यांची थेरं. आपल्याकडे कुटुंब म्हणजे आई-बाप, भाऊबंद, सोयरे. भावकी आणि पै-पाव्हणे. जे जन्माने मिळतं ते खरं, जे जमवलं ते मानलेलं. कोल्हापूरकराने तरी हे म्हणू नये. ज्याच्या नावाने गावातल्या निम्म्या संस्था चालतात, तो माणूसच एका विधीने घाटग्यांचा भोसले झाला. दत्तकविधानात नेमकं काय होतं ते पाहा. जन्मदाता बाप मूल देतो, दुसरं घर ते घेतं, होम होतो, साखर वाटली जाते. त्या दुपारपासून मुलाचं आडनाव, कूळ, पितर, सुतक, वारसा सगळं बदलतं. जन्मदात्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो. कोणत्या भाऊबंदाच्या मरणाचं किती दिवस सुतक पाळायचं, हेसुद्धा नव्याने ठरतं. शरीरातलं रक्त तेच, नातेवाईक मात्र सगळे नवे.

मानवशास्त्राला हे उमजायला बराच वेळ लागला, ही त्यातली गंमत. १८७१ मध्ये, म्हणजे कोल्हापुरात नारायणराव दत्तक आला त्याच वर्षी, अमेरिकेत लुईस हेन्री मॉर्गन यांचा जगभरच्या नातेव्यवस्थांवरचा ग्रंथ निघाला आणि नात्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. रक्त आणि लग्न या दोन दोरांनी समाज बांधलेला असतो, हे त्यामागचं गृहीत. ते पुढे शंभर वर्षं फारसं कोणी तपासलं नाही. १९८४ मध्ये डेव्हिड श्नायडर यांनी आपल्याच विद्याशाखेला फैलावर घेतलं: रक्त म्हणजे नातं ही तुमची युरोप-अमेरिकेतली घरगुती समजूत आहे, ती तुम्ही साऱ्या जगावर लादता आहात. त्यानंतर अभ्यासक लोक नाती कशी 'करतात' ते पाहू लागले. जॅनेट कार्स्टन मलेशियातल्या लंकावी बेटावर राहिल्या. तिथले लोक एका चुलीवरचा भात खाऊन हळूहळू एकमेकांचे होतात, अगदी बाहेरून आलेलं मूलही, असं त्यांनी दाखवलं. केथ वेस्टन यांचं १९९१ चं पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी स्त्री-पुरुषांवर आहे. घरच्यांनी हाकललेल्या, एड्सच्या साथीत एकमेकांची उशापायथ्याशी बसून सेवा करणाऱ्या त्या माणसांनी आपली कुटुंबं स्वतः उभी केली होती. 'निवडलेलं कुटुंब' ही कल्पना चर्चेत आणण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे इरावती कर्वे. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. आपल्याकडे लग्नाला मामाची मुलगी चालते पण आत्याची चालत नाही, उत्तरेकडे दोन्ही चालत नाहीत, दक्षिणेत मामा स्वतःच भाचीशी लग्न करतो, आणि महाराष्ट्र या दोन जगांच्या मधल्या पट्ट्यात आहे, अशी मांडणी त्यांनी केली. कोल्हापूर तर त्या पट्ट्याचीही कड. शिरोळ-गडहिंग्लजकडे मराठी आणि कन्नड घरं शेजारी नांदतात; एकीकडे ज्या लग्नाची कुजबूज होते, तेच लग्न दुसरीकडे मानाचं ठरतं. बाईंच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र त्यांच्या सिद्धान्तांपेक्षा मला जास्त बोलकी वाटते. जन्म ब्रह्मदेशातला, वडील तिकडे नोकरीला. शिक्षणासाठी लहानपणी पुण्यात आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर वाढल्या. नात्यांचा नकाशा काढणारी बाई स्वतः परक्या घरात लेकीसारखी वाढली होती. तशी पोरं त्या काळी घरोघर होती. कुणाकडे शिकायला राहिलेला दूरचा भाचा, कुणाकडे पोरकी पुतणी. जनगणनेत कुठल्या रकान्यात घालायचं हे कळू नये अशी ही नाती, पण घराला त्यांच्याविषयी शंका नसायची.

इथवर वाचक माझ्याशी सहमत असेल. नाती घडवता येतात, आपल्याकडे घडवत आले, झालं. पण एवढ्यावर थांबलं तर तो लेख परंपरेच्या कौतुकाचा होईल, आणि तसे लेख आपल्याकडे कमी नाहीत. खरा प्रश्न पुढे आहे. नातं घडवण्याचा अधिकार कुणाला होता? आणि घडवलेल्या नात्याची किंमत कुणी मोजली?

दोन दत्तक शेजारी ठेवून पाहू. कोल्हापूरच्या आनंदीबाईंचा १८८४ चा. त्याच्या चार वर्षं आधी, १८८० मध्ये, मुंबई हायकोर्टापुढे मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण हा खटला आला. नायकिणींच्या, म्हणजे कलावंतिणींच्या, घरात वंश आईकडून चाले आणि त्या मुलगी दत्तक घेत. ती मुलगी कला शिकायची, घर चालवायची, म्हातारपणी आईला पाहायची, मागे तिची वारस व्हायची. कोर्टाने हा दत्तक मानायला नकार दिला. प्रथा जुनी असेल, पण अनीतीची आहे, म्हणून कायदा तिच्या मागे उभा राहणार नाही. मद्रासच्या हायकोर्टाने पुढे अशाच प्रकरणांत थोडी मऊ भूमिका घेतली. मुंबईने घेतली नाही. आता दोन्हींतला फरक पाहा. दोन्हीकडे दत्तक घेणारी बाईच. मराठी मुलखात विधवेला नवऱ्याची आगाऊ परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, ही इथल्या रूढीची खासियत कोर्टांनीही मानलेली होती. पण राणी दत्तक घेत होती मेलेल्या नवऱ्यासाठी, त्याचा वंश चालावा म्हणून. नायकीण घेत होती स्वतःसाठी. राणीने घेतला मुलगा, नायकिणीने मुलगी. पहिल्याला सरकारची मान्यता, दुसरीला कोर्टाची चपराक. हिंदू स्त्रीला स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेता येऊ लागलं ते १९५६ च्या कायद्याने, तेही ती अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल तर. नवरा नांदत असलेल्या बाईला हा हक्क मिळाला २०१० मध्ये.

मान्यतेचा हा खेळ राजांनीही भोगला होता, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक डलहौसीने मानला नाही आणि गादी खालसा झाली. विधी यथासांग झाला होता, भटजी होते, होम होता; नव्हती ती फक्त कंपनीची सही. घडवलेलं नातं टिकतं की नाही हे ते किती जिवाभावाचं आहे यावर ठरत नाही, समोर कागद तपासणारा कोण बसलाय यावर ठरतं. पुढच्या सगळ्या विवेचनात हे लक्षात असू द्यावं.

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात नातं घडवण्याची तिसरी एक रीत होती, आणि ती राजवाड्यात नव्हे, सगळ्यात गरीब घरांत चाले. मुलगी यल्लम्माला सोडायची. सौंदत्तीच्या डोंगरावरची रेणुका यल्लम्मा ही या भागातल्या लाखो माणसांची आई. मुलीच्या डोक्यात जट आली, घरात दुखणी हटेनात, किंवा पोटी मुलगाच नाही, अशा वेळी मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं जाई. ती जोगतीण झाली. हातात परडी, डोक्यावर देवीचा जग, चौंडक्याच्या तालावर जोगवा. तिचं माणसाशी लग्न व्हायचं नाही. ती सासरी जायची नाही. मूल झालं तर ते तिच्या माहेरचं नाव लावायचं.

या शेवटच्या तीन वाक्यांकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. देवदासींवर आपण लिहिलं ते शोषणाचं, आणि ते लिहायलाच हवं होतं. राजन गवस यांनी १९८० च्या दशकात 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' लिहून या जगाची दारं मराठी वाचकाला उघडून दिली. गडहिंग्लज-निपाणी भागात कार्यकर्त्यांनी देवदासी निर्मूलनासाठी आयुष्यं घातली. पण अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लुसिंडा रॅमबर्ग उत्तर कर्नाटकात जोगतिणींमध्ये राहिल्या आणि २०१४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. जोगतीण ही नातेव्यवस्थेच्या बाहेर फेकलेली बाई नव्हे. ती देवीशी सोयरीक झालेली, आणि घरापुरती मुलगा झालेली मुलगी आहे. ती बापाच्या घरी राहते, आई-बापाला पोसते, भावंडांची लग्नं लावते, घराचा वाटा तिच्याकडे येतो, तिची पोरं तिच्या बापाचा वंश चालवतात. आफ्रिकेतल्या नुएर लोकांत वांझ ठरलेली बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न करते आणि तिच्या मुलांचा 'बाप' होते, असं मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी नोंदवून ठेवलं आहे. वर्गात हे उदाहरण आलं की मुलं खुसखुसतात. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच एसटीने सौंदत्तीला जाणारी जोगतीण नात्याच्या हिशेबात मुलगा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग हे 'निवडलेलं कुटुंब' का? मुळीच नाही, आणि रॅमबर्ग यांच्या मांडणीचा मोह पडतो तिथेच सावध व्हायला हवं. मुलगी सात-आठ वर्षांची असताना तिला कोण विचारत होतं? घराला मुलगा मिळाला, म्हाताऱ्यांना आधार मिळाला, भावांना बायका मिळाल्या. ही सगळी नाती तिच्या देहाच्या मोबदल्यात उभी राहिली. कित्येकजणी पुढे पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत पोचल्या आणि तिथून पैसे पाठवत राहिल्या. आता शेजारी नऊ वर्षांचा यशवंतराव ठेवा. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. दोघंही लेकरं, दोघांचीही नाती मोठ्यांनी विधी करून बदलली, दोघंही कुणाच्या तरी वंशासाठी. एकाला गादी मिळाली आणि राजकुमारांसाठीचं शिक्षण, दुसरीला परडी. नातं घडवलेलं की जन्मजात, हा वादच मला या ठिकाणी दुय्यम वाटू लागतो. कुणाच्या सोयीने घडवलं आणि त्याच्यामागे हक्क उभे केले की नाहीत, एवढंच उरतं.

हे सगळ्यात आधी ज्याला कळलं तो माणूस कोल्हापूरचाच होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवाविवाहाचा कायदा केला तो सगळ्यांना माहीत आहे. १९२० मध्ये संस्थानात आणखी एक कायदा झाला. त्याने मुली देवाला सोडण्याच्या प्रथेवर घाव घातलाच, पण अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्काचाही विचार केला. कायदे करणारे बहुतेक लोक प्रथा बंद करून मोकळे होतात. नंतरच्या देवदासी कायद्यांचा सूर पुष्कळसा 'सोडवा आणि लग्न लावून द्या' असा राहिला. जणू देवीच्या घरातून काढलेल्या बाईला जायला नवऱ्याचं घर एवढी एकच जागा. मालमत्तेचा प्रश्न विचारायला दत्तक गेलेल्या माणसाची नजर लागते, असं मला वाटतं. पुरावा नाही माझ्याकडे, पण वाटतं.

मुलींना सोडत तसंच मुलांनाही. आणि स्वतःहून देवीकडे गेलेलेही होते, आहेत. ज्याची चाल, बोलणं, मन पहिल्यापासून बाईचं, त्याला देवीने बोलावलं असं घर मान्य करतं. तो लुगडं नेसतो, जोगत्या होतो. गावात त्याला टोमणेही बसतात आणि शुक्रवारी-मंगळवारी त्याच्या परडीत पीठही पडतं. २००९ चा 'जोगवा' हा सिनेमा गवसांच्या लेखनावरून आला, गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. सिनेमा चांगलाच आहे. पण त्याची तक्रार अशी की मनाने पुरुष असलेल्या माणसाला जबरदस्तीने जोगत्या केलं. आणि सुटका अशी की जोगत्या पुन्हा पुरुष होतो, जोगतीण पुन्हा स्त्री होते, दोघं एकमेकांची होतात. लुगडं हीच ज्याची सुटका होती, त्या जोगत्याला त्या शेवटात जागा नाही. प्रेक्षक समाधानाने घरी गेले, कारण शेवटी पडद्यावर एक नवरा-बायको उरले.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीला जाऊन पाहावं. कोल्हापुरातून पेठापेठांतले जथे गाड्या ठरवून जातात. त्या पुनवेला 'रांडाव पुनव' म्हणतात. जमदग्नी मेला, यल्लम्मा विधवा झाली, तिच्याबरोबर जोगत्या-जोगतिणींच्या बांगड्या फुटतात. माघातल्या 'अहेव पुनवे'ला त्या पुन्हा भरतात. परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेपाशी आंबील यात्रा भरते. आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर. घरोघरच्या बायका नैवेद्याची ताटं घेऊन येतात, आणि ज्या जोगत्याला एरवी उंबऱ्याच्या आत बोलावत नाहीत त्याच्या परडीत आपल्या चुलीवरचं पहिलं वाढून देतात. लंकावीचा भात इथे आंबिलीच्या रूपात आहे. फरक एवढाच की लंकावीत रोज एकत्र जेवून माणूस घरचा होतो, इथे वर्षातून एका दिवसापुरता.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता घालून दिला. देवीच्या लेकी दर वर्षी विधवा होऊन पुन्हा अहेव होत होत्या. माणसांच्या बायकांना ती सोय पहिल्यांदा एका ग्रामसभेने दिली. हेरवाडचं मोठेपण मी कमी लेखत नाही. उलट, नात्याचे नियम हायकोर्टात ठरतात तसे चावडीवरही बदलता येतात, हे त्या गावाने दाखवलं.

आता एक गोष्ट, जिच्याकडे कोल्हापुरात कुणी 'निवडलेलं कुटुंब' म्हणून पाहत नाही: तालीम. पन्हाळा-शाहूवाडीकडचा बाप पोरगा घेऊन गंगावेशीत येतो आणि वस्तादांच्या पायावर घालतो. तिथून पुढे तो वस्तादांचा. पहाटे माती खणायची, थोरल्या पैलवानाचं अंग रगडायचं, बदाम घोटायचे, एकत्र रांधायचं, एकत्र निजायचं. आखाड्यात नाव पुकारतात तेव्हा बापाच्या आधी वस्तादांचं पुकारतात. घरदार सोडून, लग्न लांबणीवर टाकून, पुरुषांनी पुरुषांबरोबर वर्षानुवर्षं एका छपराखाली काढायची, आणि गावाने त्यांची मिरवणूक काढायची. यात वावगं काहीच नाही, मला तालमीचा अभिमानच आहे. पण याच गावात दोन जोगते आणि एक म्हातारी जोगतीण एका खोलीत राहतात, एकमेकांचं औषधपाणी करतात, तेव्हा घरमालक विचारतो, 'तुम्ही एकमेकांचे कोण?' तालमीत कुणी हे विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न नात्याच्या स्वरूपावरून येत नाही, तो विचारला जाणाऱ्या माणसावरून येतो.

उलट बाजूनेही बोललं पाहिजे. निवडलेली कुटुंबं म्हणजे गोकुळ नव्हे. तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला घराण्यांत उतरंड असते, कमाईतला हिस्सा द्यावा लागतो, घराणं सोडायचं तर दंड भरावा लागतो. तालमीतही वस्तादांचा शब्द मोडायची सोय नसते. पण रक्ताच्या कुटुंबात काय वेगळं आहे? तिथेही कमाई थोरल्याच्या हाती जाते, तिथेही मर्जीविरुद्ध लग्न केलं की वाळीत टाकतात, प्रसंगी जीवही घेतात. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांना अशा बातम्या नव्या नाहीत. त्रास झाला तर रक्ताच्या नात्यात कोर्टात जाता येतं, पोटगी मागता येते, वाटणी मागता येते. चेल्याला गुरूविरुद्ध आणि गुरूला चेल्याविरुद्ध मागायला जागा कुठे आहे? मान्यता म्हणजे कौतुक नव्हे; भांडण झालं तर दाद मागायची जागा म्हणजे मान्यता. निवडलेल्या कुटुंबांविषयी हळवं लिहिणारेही हे विसरतात आणि त्यांना नाकं मुरडणारेही.

कायद्याची आजची अवस्था मोठी विचित्र आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. २०१९ मध्ये संसदेने त्यांच्यासाठी कायदा केला, आणि त्यात कुटुंबाची व्याख्या घातली: रक्ताने, लग्नाने किंवा कायदेशीर दत्तकाने जोडलेली माणसं. म्हणजे ज्या माणसांना रक्ताच्याच घराने बाहेर काढलं, त्यांच्या कायद्यात कुटुंब म्हणजे पुन्हा तेच घर. ते घर सांभाळू शकत नसेल तर न्यायालय त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवू शकतं. गुरूच्या घरी पाठवण्याची तरतूद नाही. १८८० चं मुंबई हायकोर्ट आणि २०१९ ची संसद यांत अंतर एकशे एकोणचाळीस वर्षांचं. दृष्टी किती पुढे सरकली ते वाचकाने ठरवावं. २०२२ मध्ये एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबं अनेक आकारांची असतात असं स्वच्छ म्हटलं. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने निवडलेल्या कुटुंबाचा नाव घेऊन स्वीकार केला. सूर अजून जमलेला नाही.

दुखणं-खुपणं, मरण आणि मालमत्ता, या तीन ठिकाणी नातं कागदावर लागतं. दवाखान्यात अर्जावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो; तिथे 'गुरुबहीण' लिहिलं तर खिडकीमागचा माणूस वर पाहतो. सांगलीत १९९६ पासून काम करणाऱ्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. त्यांच्यात देवदासी घरांतून आलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि एचआयव्हीच्या काळात माहेरची माणसं फिरकली नाहीत तेव्हा त्याच एकमेकींच्या उशाशी होत्या. सॅन फ्रान्सिस्कोवर पुस्तक झालं, सांगलीच्या गल्लीत फक्त सेवा झाली. कायद्याला हे अशक्य आहे असंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कोणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, तो नात्यातला असण्याची अट नाही. मनाच्या आजारात चालतं ते किडनीच्या आजारात का चालू नये, याला कुणाकडेही उत्तर नाही.

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला केंद्राने एक साधी गोष्ट जाहीर केली. समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले मानावं, असं राज्यांना कळवलं. बातमी आतल्या पानावर आली आणि विरून गेली. मला मात्र ती विवाहाच्या निकालाइतकीच मोठी वाटते. कारण आपल्या तालुक्याच्या कचेरीत रेशन कार्ड निघतं ते चुलीवर. दोन सख्खे भाऊ एका अंगणात राहत असले तरी चूल वेगळी म्हणून कार्डं वेगळी होतात. पुरवठा विभागाच्या कारकुनाला श्नायडर माहीत नसेल, पण नातं कशाने ठरतं याचा व्यवहार तो रोज करतो. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ पासून घरातली थोरली स्त्री ही कार्डावर कुटुंबप्रमुख ठरते. मग केंद्राची ती सूचना फक्त जोडप्यांपुरती का? एका खोलीत, एका शेगडीवर रांधणाऱ्या त्या दोन जोगत्यांचं आणि म्हाताऱ्या जोगतिणीचं एक कार्ड निघायला हवं, आणि त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून त्या म्हातारीचं नाव लागायला हवं. हेरवाडसारखी एखादी ग्रामसभा असा ठराव करून तहसीलदारांकडे पाठवू शकते. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायचीही गरज नाही.